कसरीची कादंबरी

फार वर्षांमागे एका वाचनालयाच्या कपाटात एक कसर राहायची. शंभर कादंबऱ्या फस्त केल्यावर तिला ध्यास लागला, आपलीही एक असावी, कुणीतरी ती वाचताना रडावं. रोज ती कोऱ्या वहीत एक ओळ कुरतडायची. मग खाल्लेल्या कादंबऱ्या आठवून तिला ती मिळमिळीत वाटायची आणि ती पानासकट खाऊन टाकायची. असं करता करता वहीचं एकच पान उरलं.

शेजारची म्हातारी वाळवी म्हणाली, "पोरी, आजची ओळ खाऊ नकोस."

"वाईट आहे हो, मावशी. आणि भूकही लागलीय."

"मग उपाशी राहा."

कसर रात्रभर तळमळली. सकाळी पाहते तर पानावर कालची ओळ तशीच होती, आणि पहिल्यांदाच तिला दुसरी सुचली.