धगधगत्या लाव्ह्याचा ड्रमवाला

चिखलवाडीत हणमा नावाचा एक भोळा मेकॅनिक राहायचा. भोळा म्हणजे किती? ‘इथंच उभा राहा’ म्हणून गिऱ्हाईक चहाला गेलं, की ते येईस्तोवर हा तिथंच उभा. मग पाऊस येवो नाहीतर बैल.

त्याच गावात तीन पोरांनी रॉक बँड काढला. नाव ‘धगधगता लाव्हा’. म्होरक्या शार्दूल इनामदार. त्याला गिटारचे तीनच सूर येत, केस मात्र खांद्यापर्यंत आले होते. तालमीला कुणी जागा देईना, म्हणून ही वरात हणमाच्या गॅरेजात आली. गॅरेज त्याचं, तेव्हा झक मारत ड्रमही त्यालाच द्यावा लागला. हणमाला मात्र ड्रम म्हणजे जीव की प्राण.

पहिल्याच दिवशी शेजारची गोदाक्का केरसुणी घेऊन आली. “मेल्यांनो, माझी म्हस पान्हवंना झालीय!”

शार्दूल म्हणाला, “हणमा, वाजवताना दारं बंद. आवाज भाईर जाता कामा नये. ध्यानात ठेव.”

“ठेवलं.”

आठवड्यानं पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला लाव्ह्याचा पहिला कार्यक्रम. बँड समाजमंदिरात, लोक अंगणात जिलेबीवर. हणमानं दारं लावली, खिडक्या लावल्या, फटीत पोती कोंबली. आत लाव्हा घामाघूम होऊन तासभर धगधगला. बाहेर कुणाला पत्ता नाही. कार्यक्रम झकास झाला, असं मात्र सगळे म्हणाले.

शार्दूलनं कपाळ बडवलं. “आरं येड्या, लोकं दिसली की वाजवायचं! रस्त्यानं चार माणसं चालली तरी दणकून वाजव. बँड असाच मोठा होतो.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी रस्त्यानं चार माणसं आली. त्यांच्या खांद्यावर बापू सुताराची तिरडी होती. मागं आणखी चाळीस. चार सांगितली आणि चाळीस आली, हणमाला आनंद मावेना. त्यानं शटर वर केलं आणि असा दणका दिला की तिरडीवरचे बापू तेवढे शांत राहिले. परत येताना लोकांनी हणमाला ड्रमपेक्षा जास्त बडवला.

“गाढवा!” शार्दूल ओरडला. “पांढरे कपडे, गळ्यात हार, डोळे मिटलेले, असा माणूस दिसला की वाजवणं बंद! हात जोडायचे, गुमान खांदा द्यायचा. आता एक जरी चूक केलीस तर ड्रम काढून घेईन.”

नट आवळताना, पंक्चर काढताना हणमा दिवसभर घोकत राहिला. पांढरे कपडे, हार, डोळे मिटलेले.

मग आली तालुक्याची स्पर्धा. जिंकेल त्याला कोल्हापूरच्या मोठ्या रंगमंचावर संधी. शार्दूलनं आठ दिवस गाणं सोडून फक्त केसांची तयारी केली.

प्रमुख पाहुणे अण्णासाहेब. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा झब्बा, गळ्यात झेंडूचा हार. पुरणपोळ्या चेपून आलेले, वर अकरा भाषणं ऐकलेली, त्यातलं एक स्वतःचं. पहिल्या रांगेतल्या खुर्चीत त्यांचे डोळे मिटले. सभेत लागलेली अण्णांची झोप तोफेनंही मोडत नसे, मग लाव्ह्याची काय कथा?

हणमानं पाहिलं. पांढरे कपडे. हार. डोळे मिटलेले.

ड्रम थांबला. हणमानं हात जोडले, खाली उतरला आणि खुर्चीचा एक पाय खांद्यावर घेऊ लागला.

“अण्णांची मिरवणूक!” एक कार्यकर्ता ओरडला. तिघं धावत आले आणि उरलेल्या तीन पायांना खांदा दिला. असल्या कामाला कार्यकर्त्यांना कारण लागत नाही. गुलाल उडाला, अख्खा मांडव उठून मागं निघाला, परीक्षकसुद्धा. रंगमंचावर शार्दूल डोळे मिटून, केस उडवत, रिकाम्या खुर्च्यांपुढं किंचाळत राहिला. त्याला काहीच कळलं नाही. तसंही त्याला कधी काय कळलं होतं?

पुढचा खांदा हणमाचा, तेव्हा वाट त्याचीच. ती नदीकाठच्या स्मशानाकडे वळली. गार वाऱ्यानं अण्णांना जाग आली.

“कुठं नेताय रं मला?”

हणमानं डोळे पुसले आणि हळूच वर पाहिलं.

“गप पडा, अण्णा. मेल्या माणसानं बोलू नये. तुमच्यापायी माझा ड्रम जाईल!”