अठ्ठेचाळीस कमरेची गोधडी

"पण टाकायचे कधी, आई? तेवढं एक सांगा."

दामोदर आचारी हे तिसऱ्यांदा विचारत होता. पुढ्यात जुन्या कपड्यांचं, चादरीत बांधलेलं भलंमोठं गाठोडं होतं. दोनशे अकरा पायऱ्या ते डोक्यावर घेऊन चढला, तरी गड्याला दम लागला नव्हता.

आवडाई सुईत दोरा ओवत होती.

"टाका म्हून कुनी सांगितलं?"

"सगळ्यांनीच. बायको म्हणते, बोहारणीला घाला, एखादं पातेलं तरी घरात येईल. मेव्हणा म्हणतो, वर्षभर थांबा, वजनाचा काय भरवसा? डॉक्टर म्हणतात, तुमचं तुम्ही ठरवा."

"आनी तू काय म्हनतोस?"

दामोदर गाठोड्याच्या गाठीशी चाळा करत राहिला…

आवडाई त्या टेकडीवरच्या मठात एकटीच राहायची. वय विचारलं तर "सुईला इचार" म्हणायची. उपदेश करायचा तिला भारी कंटाळा. ती गोधड्या शिवायची. लोक जुने कपडे आणून द्यायचे आणि थंडी पडली की ज्याला पांघरूण नाही त्याच्या घरी एकेक गोधडी जायची.

नियम एकच होता. कपडा ज्याचा, त्यानेच तो कापायचा आणि निदान चार टाके त्याने घालायचे. नुसता आणून टाकला तर आवडाई त्याला बोटही लावत नसे.

दीड वर्षापूर्वी दामोदर पहिल्यांदा वर आला तेव्हा तो एकशे सोळा किलोचा होता. लग्नकार्यात पाचपाचशे पानांचा स्वयंपाक उठवणारा माणूस, पण पायऱ्या चढताना नऊ ठिकाणी बसला. वर आल्यावर घामाघूम होऊन म्हणाला, "आई, जीभ आवरायचा काही मंत्र द्या."

आवडाई म्हणाली, "खालच्या आडाचं पानी वर आनायला कुनी न्हाई. रोज एक घागर आन."

मागायला गेला मंत्र आणि खांद्यावर पडली घागर! पहिला महिनाभर अर्धं पाणी पायऱ्याच पीत होत्या. पण गडी हट्टाला पेटला. रोज आला. गोड सोडलं, तळलेलं सोडलं, रात्रीचा भात सोडला. आणि आता तो एकाहत्तर किलोचा, ताठ मानेचा दामोदर झाला होता. मान अंमळ जास्तच ताठ होती म्हणा ना.

"बघा तर खरं!" त्याने गाठोडं सोडलं. अठ्ठेचाळीस कमरेची तपकिरी पँट काढली, दोन्ही पाय एकाच पायात घातले आणि पोत्याची शर्यत लागावी तसा अंगणभर उड्या मारू लागला. "आई, हा दुसरा पाय भाड्याने द्यायचाय!"

आवडाई एवढी हसली की तिचा चष्मा मांडीवर पडला.

मग तिने हात लांब करून गाठोड्यातला एक निळा सदरा ओढला आणि लुगड्यावरून चढवला. सदरा तिच्या घोट्यांपर्यंत आला. बाह्या दुमडत दुमडत ती म्हणाली, "चांगली ऊब हाय की रं ह्याला. ह्यो कुनाचा?"

"कुणाचा म्हणजे? त्या हावरटाचा!" दामोदर हसत म्हणाला. "बसल्या बैठकीला अठरा पुरणपोळ्या उडवणारा ऐदी माणूस. बरं झालं गेला ते."

आवडाई हसली नाही. तिने टाका घातला.

"ही कापडं ठिवतोस कुठं?"

"पलंगाखालच्या पेटीत."

"पेटी किती दिसांनी उघडतोस?"

आता मात्र दामोदरची उडी थांबली. पँटीतून पाय काढून तो तिच्यासमोर खाली बसला.

"रोज," तो म्हणाला.

"रोज?"

"सकाळी उठलो की आधी ही पँट घालून बघतो. कमरेपाशी आडवा हात शिरला तर चहा घेतो. जागा कमी वाटली तर…"

"तर?"

"तर नाही घेत. त्या दिवशी काहीच नाही घेत."

सुई थांबली.

"मग तू ही कापडं सोडलीस कुठं, दामू? अजून रोज तीच तर घालतोस."

बाईने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं… आणि एकदा बांध फुटला म्हटल्यावर त्याने उरलेलंही सांगून टाकलं.

दीड वर्षात त्याने स्वतःच्या हातचं काही जिभेवर ठेवलं नव्हतं. आमटीचं मीठ हाताखालच्या बायकांनी चाखायचं. पाकाची तार त्याने नुसती बोटांत धरून बघायची. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, हा तर ताकाकडे पाहतही नव्हता. परिणाम व्हायचा तोच झाला. गेल्या लग्नात त्याची भरली वांगी कुणी दुसऱ्यांदा मागितली नाहीत. दामोदर आचाऱ्याची वांगी आणि पंगतीत वाढप्याला हाक नाही! तो चुलीमागे जाऊन बसला होता.

"आणि माघात कुमुदचं लग्न आहे," तो म्हणाला. "एकुलती एक पोर. परवा विचारत होती, बाबा, माझ्या लग्नात तरी पंगतीला बसाल ना? मला हो म्हणता आलं नाही, आई. एकदा बसलो की हा परत येईल." त्याने गाठोड्याकडे बोट दाखवलं. "म्हणून म्हणतो, हे सगळं जाळून टाकू का? त्या हावरटाचं नाव नको नि निशाणी नको."

आवडाईने नाकावरचा चष्मा वर सारला.

"त्याला शिव्या दिऊ नगं."

"का? त्याने माझं काय भलं केलं?"

"पहिल्या दिशी ह्या पायऱ्या कोन चढलं?"

"मीच."

"तू न्हवं. तू तवा हुतास कुठं? एकशेसोळा किलो घिऊन तो चढला. नऊ डाव बसला, नऊ डाव उठला. लोक हसत हुते, तरी चढला. तू आत्ता आलास… आयत्या बिळावर नागोबा!"

दामोदर तिच्या अंगातल्या निळ्या सदऱ्याकडे बघत राहिला.

त्याला तो दिवस आठवला. सातव्या बैठकीला गुडघे कापत होते आणि खालून कुणीतरी ओरडलं होतं, "आचारी, वर काय पंगत आहे काय?" तेव्हा हाच निळा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. आणि त्या सदऱ्यातला माणूस मागे न बघता उठला होता. दामोदरला त्या माणसाची इतकी माया आली की त्याचे डोळे भरून आले. दीड वर्ष त्याने ज्याचा दुस्वास केला, त्यानेच तर त्याला इथवर खांद्यावरून आणलं होतं.

त्याने मनगटाने डोळे पुसले.

मग आवडाईने अंगातला सदरा काढून त्याच्या मांडीवर ठेवला, आणि सदऱ्यावर कात्री.

"आजच?" दामोदरने विचारलं.

"ते मला काय इचारतोस? कात्री तुझ्या हातात हाय."

पहिला काप त्याने शिवणीच्या कडेने, अगदी जपून घातला. दुसरा जरा मोकळेपणी. तिसऱ्या सदऱ्यापर्यंत तो गुणगुणायला लागला होता. तपकिरी पँटीशी मात्र थबकला. उद्या सकाळी विचारायचं कुणाला? तो आवडाईकडे बघत राहिला. ती दोरा ओवण्यात गर्क होती, किंवा तसं दाखवत होती. शेवटी त्याने डोळे मिटले आणि कमरेपासून पायापर्यंत कात्री चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सवयीने पेटी उघडली. पेटी रिकामी. तरी त्याने आत एकदा हात फिरवून बघितला. मग त्याने चहा घेतला, आणि घागर उचलून टेकडी गाठली.

पौषाचा सारा महिना गोधडी चालली. सकाळी घागर वर ठेवायची, सूर्य तापेपर्यंत आवडाईसमोर बसून धावदोरा घालायचा. लाडू वळायच्या हातांना टाके काही सरळ येईनात. आवडाई ते बघून म्हणायची, "मुंगी दारू पिऊन चाललीया जनू." आणि दोघंही हसायची.

टाके घालता घालता तो जाड दामोदर पुन्हा भेटू लागला. हा पांढरा तुकडा कुमुदच्या बारशाचा; पोरीने याच खांद्यावर दूध काढलं होतं. ही चौकटीची बाही पुराच्या वर्षीची. शाळेत अडकलेल्या तीनशे माणसांना दोन दिवस पिठलं-भात करून घातला तेव्हा वर चढवलेली, हळदीचा डाग अजून आहे. हा गळा बायकोने, शेवंताने, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला शिवून दिलेला. केवढा मोठा शिवला होता तिने, आणि तो किती खूश झाला होता!

"माणूस बरा होता, आई," एके दिवशी दामोदर म्हणाला.

"व्हय," आवडाई म्हणाली. "पानी सांडायचा, पन बरा हुता."

शेवटचा कोपरा शिवायचा राहिला तेव्हा आवडाई म्हणाली, "उद्या पुरनपोळी करून आन. तुझ्या हातची."

दामोदरला कळायचं ते कळलं. मठाची ती जुनी रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात पोळीचा नखाएवढा कोरडा काठ ठेवायचा. गोधडीने उपाशी पोटी घर सोडू नये म्हणून. आणि ज्याचे कपडे, त्याने उरलेली पोळी तिथंच बसून खायची. आवडाईच्या गोधड्यांची ऊब त्या घासाची, असं खालच्या गावात म्हणत.

रात्री त्याला नीट झोप लागली नाही. पहाटे उठून डाळ शिजवली, पुरण वाटलं, दोन पोळ्या लाटल्या. चाखलं नाही.

वर आवडाईने एक पोळी पानावर ठेवली, काठाचा तुकडा मोडला आणि त्याच्या तळहातावर दिला.

"कुनाला निरोप द्यायचा तर आधी जेवू घालत्यात," ती म्हणाली. "आचाऱ्याला हे सांगाय लागतंय व्हय?"

दामोदरने तो तुकडा कोपऱ्यात ठेवला. मनात म्हणाला, जेव बाबा, पोटभर जेव. तुझ्यामुळे मी आहे. आणि आपल्या हाताने टाके घातले. वाकडेच आले.

मग पानाकडे बघत बसला…

"दामू, गार हुईल."

त्याने घास मोडला. हात तोंडापाशी गेला, थांबला. मग त्याने डोळे मिटून तो घास जिभेवर ठेवला.

काही वेळ तो हललाच नाही. आवडाई त्याच्याकडे बघत होती.

एकाएकी दामोदरने डोळे उघडले.

"जायफळ कमी पडलंय!"

"काय?"

"जायफळ हो, आई! आणि गूळ चमचाभर जास्त! अरे देवा, गेले दीड वर्ष मी लोकांना काय खायला घालत होतो?"

तो ओरडत होता आणि हसत होता, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जीभ जागेवर होती! त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. पोळी संपली. दुसरी पोळी पानावर होती. त्याने तिच्याकडे बघितलं, पोटाला विचारलं आणि ती आवडाईपुढे सरकवली.

"ही तुमची. पण जायफळ कमी आहे हां."

"माझ्या बोळक्या तोंडाला काय कळतंय त्यातलं," म्हणत आवडाईने निम्मी पोळी संपवलीसुद्धा.

दामोदरने हात धुतले. आता त्याला कुणाला विचारायचं नव्हतं. "कुमुदला आजच सांगतो," तो म्हणाला. "पंगतीला बसणार. तिच्या शेजारी बसणार. आणि वांगी मी स्वतः चाखणार."

आवडाईने मान हलवली. दोघांनी मिळून गोधडी झटकली आणि उन्हात पसरली. निळं, पांढरं, चौकटीचं, मधोमध तपकिरी. ऊन पडल्यावर ती अशी काही खुलली की दामोदर चार पावलं मागे जाऊन बघत राहिला.

आवडाईने तिची घडी घातली आणि त्याच्याच हातात ठेवली.

"मला? पण गोधडी तर गरजवंताला जाते ना, आई?"

आवडाई पुढच्या गोधडीचे तुकडे निवडायला बसली.

त्याने घडी छातीशी धरली, घागर काखेत मारली आणि निघाला. तीन पायऱ्या उतरला असेल नसेल, तिथंच थबकला. चेहऱ्यावर ढग आला. वळून त्याने हळूच विचारलं,

"आई… आणि समजा, पुन्हा जाड झालो तर?"

आवडाई पुढच्या गोधडीसाठी सुईत दोरा ओवत होती. दोरा सुईच्या नेढ्यातून आरपार गेला, तिने गाठ मारली आणि मग वर बघितलं.

"आरं, तुझ्याच कापडांची हाय ती… तुला कशी पुरायची न्हाई?"