विहिरीतला सोमल

निमखेडच्या पोल्ट्रीत कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, पावडर मिसळत आणि कोंबड्यांची विष्ठा शेजारच्या वंचळाबाईच्या विहिरीलगत टाकत. पुढे तिच्या नवऱ्याचे तळहात काळे पडून भेगाळले. पाणी तपासलं, तर त्यात सोमल निघाला.

ग्रामसभेत पोल्ट्रीचे मालक बापूसाहेब ऐटीत उभे राहिले. कोंबड्या घेणारे व्यापारीही समोर बसले होते.

"विहिरीतला सोमल आमचा नाहीच. आमच्या पावडरीचा कणसुद्धा विष्ठेत उतरत नाही."

वंचळाबाई उठली. "म्हंजे समदा कोंबडीच्या मटणातच ऱ्हातो म्हणा की!"

व्यापारी चपापले. बापूसाहेब घाईघाईनं म्हणाले, "छे, छे! मटणात काही राहत नाही. सगळा विष्ठेवाटे बाहेर पडतो."

"ऐकलंत ना मंडळी? कोंबडीनं तुमचं इख बाहेर टाकलं, बापूसाहेब. माझ्या मालकानं ते कुठं टाकायचं?"



महिन्याभरात पोल्ट्रीला टाळं लागलं. गावात त्या उत्तराचं अजून कौतुक होतं. वंचळाबाई मात्र रोज नवऱ्याला घास भरवते. त्याच्या बोटांना आता भाकरी मोडता येत नाही.