पायी चला, साहेब

वणव्यानं काळ्या पडलेल्या रानात वनमंत्री गाडीतून उतरले. हातात नव्या कायद्याचा मसुदा होता: रान जळालं की तिथल्या प्राण्यांचं काय झालं, याचा अभ्यास झालाच पाहिजे.

"प्राणी पळून जातात, गवत पुन्हा उगवतं. अभ्यास कसला करायचा?" म्हणत त्यांनी फुली मारायला पेन उघडलं. सोबतच्या अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या.

वनरक्षक रुखमा मडावी तेवढी बोलली. "खरंय, साहेब. मग विश्रामगृहापर्यंत पायीच चला. या नाल्यात पिल्लंवाली वाघीण होती, पण तीही पळालीच असेल."

नाल्यात काटकी मोडली. साहेब जागीच थिजले.

"अहो, आधी ती कुठे गेली ते शोधा!"

"साहेब, मसुद्यात तेवढंच तर मागितलंय."