खापरांची परी

सातपुड्याच्या पायथ्याशी एक पळसाचं रान होतं. फुललं की असं फुलायचं, जणू डोंगरानेच कपाळभर कुंकू माखून घेतलं आहे. लालकेशरी फुलं, त्यांच्यावर मखमली काळे देठ, आणि फुलाफुलावर चोच बुडवणारे हिरवे, पिवळे, इवले इवले पक्षी. त्या रानाच्या कडेला सारजाचं घर होतं. रान जितकं लखलखीत, तितकं घर काळवंडलेलं. भट्टीच्या धुराने भिंती काळ्या झाल्या होत्या, आणि माणसं आई गेल्यापासून.

सारजाचे वडील, तिचे आबा, उखा कुंभार, चाकावर बसत. बाकीचं सगळं आई बघायची. माती कालवणं, पायांनी मळणं, मडकी वाळवणं, भट्टी रचणं. पावसाळ्यात तिला ताप आला आणि ती उठलीच नाही. जाताना आई सगळं ठेवून गेली. लुगडी ठेवली, बांगड्या ठेवल्या, उखळ ठेवलं, कोंबडीसुद्धा ठेवली. फक्त माती कशी कालवायची तेवढं आपल्याबरोबर घेऊन गेली.

मग सारजा माती मळू लागली. मळायची ती मन लावून, पण भट्टी उघडली की आत तडकलेली मडकी. एखाद्या भट्टीत मडक्याच्या पोटातून पांढरा खडा फुटून बाहेर आलेला असे, एखादीत सगळी मडकी तळातून उकललेली. आबा काही बोलत नसत. नखांतली वाळलेली माती काडीने काढत बसत, आणि ते बोलले असते तर बरं, असं सारजाला वाटे. गावाला मात्र बोलायला कुणी शिकवावं लागत नव्हतं. बाजारात एका म्हातारीने घागर उन्हाकडे धरून पाहिली आणि विचारलं, हिच्यात पाणी भरायचं की पीठ चाळायचं? सगळे हसले.

काही बिघडलं की कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडावंच लागतं. ते सारजाच्या डोक्यावर फुटलं. सारजा मनाशी म्हणायची, फोडा बापडे, खापरांची आमच्याकडे काय कमी आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती. आखाजीला त्या मुलखात घरोघरी नवी घागर आणतात, पाण्याने भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि गेलेल्या माणसांच्या नावाने पुजतात. कुंभाराचं वर्षभराचं पोट त्या एका सणावर. आणि या वर्षी सारजाच्या घरातही एक घागर भरायची होती, आईच्या नावाची.

तेवढ्यात ठकू आत्या आली. आबांची थोरली बहीण. ती यायची तेव्हा आधी तिचा आवाज यायचा, मग ती. भिंतीशी रचलेला खापरांचा ढीग तिने पाहिला, पदराने तोंड पुसलं आणि सांगून टाकलं, की आखाजीची भट्टीही फुटली तर हे दुकान बंद. उखाने वीटभट्टीवर कामाला जावं. सारजाला ती आपल्या घरी नेईल, सुनेचं बाळंतपण आहे, हाताखाली पोर लागतेच. आबांनी काडी उचलली आणि नखं कोरायला घेतली. सारजाला रात्रभर वाटत राहिलं, की या घरातून एकजण तर गेलंच, आता आपण गेलो तर आबा कुणाशी न बोलता बसतील?

सारजाची एक सवय होती. फुटक्या मडक्यांचे मोठे, खोलगट तुकडे ती रानात नेऊन पळसाखाली मांडायची आणि झऱ्यावरून ओंजळी ओंजळीने पाणी आणून ते भरायची. झरा आटत चालला होता. त्याचं बोटाएवढं पाणी आधी पक्ष्यांना, मग उरलं तर स्वतःला.

एका दुपारी ती पाणी घेऊन आली, तर एका खापराच्या काठावर कुणीतरी बसलं होतं. बुलबुलाएवढं, पण बुलबुल नव्हे. चतुराचे असतात तसे झिरझिरीत पंख, त्यांतून निळसर, सोनसळी, जांभळट ठिणग्या उडत होत्या. पळसाच्या एका पाकळीचा परकर. चिमुकली पावलं पाण्यात सोडून ती घुटक घुटक पाणी पीत होती. परीच होती ती. पण चेहऱ्याने दमलेली, रानभर उन्हातून आलेली.

"सगळ्या रानात एवढंच पाणी आहे," परी म्हणाली. "कुणी ठेवलं?"

सारजाने मान खाली घातली. जणू हीसुद्धा आता फुटक्या भांड्यावरून काहीतरी बोलणार.

पण परी म्हणाली, "माग काहीतरी."

सारजाने पटकन आईला मागितलं. परीचे पंख मिटले. माणसं तिच्या हातात नव्हती. ती एवढंच म्हणाली, की मी मातीची परी आहे बाळ, मातीचं माग. सारजाने खापरातल्या पाण्यावर बोट फिरवलं. मग तिने मागितलं, की आमच्या भट्ट्या कधी फुटल्याच नाहीत असं कर.

"करते. पण नेम ऐकून घे. जे फुटलं ते मी पुसते, आणि फुटल्यावर तुला जे कळलं, तेही त्याबरोबर पुसलं जातं. हे मागणं परत फिरवता येईल, पण एकदाच."

"फुटल्यावर काय कळतं?" सारजाने विचारलं. "आत्या म्हणते, मला काहीच कळत नाही."

परीने हलकेच फुंकर घातली. पळसाची फुलं क्षणभर दिव्यांसारखी उजळली आणि विझली.

सारजा घरी आली तर अंगणात घागरीच घागरी. तांबूस, गोलमटोल, उन्हात चमचमणाऱ्या. मागची खापरांची रास नाहीशी झाली होती. आबा ओट्यावर बसून शीळ घालत होते. आत्या गावात सांगत फिरत होती, की पोरगी माझ्यावर गेली आहे. बाजारातली ती म्हातारी सारजाला "कुंभारीणबाई" म्हणाली आणि दोन घागरी घेऊन गेली. सारजा त्या संध्याकाळी पोटभर जेवली.

आखाजीला अंगणातल्या घागरी पुरणार नव्हत्या, म्हणून नवी माती मळायची वेळ आली. सारजाने मातीत हात घातला आणि तिचे हात नुसतेच मातीत राहिले. काल-परवापर्यंत बोटांना काहीतरी ठाऊक होतं, पांढरा खडा दिसायच्या आधी बोटच थबकायचं, माती ओली आहे की पुरेशी वाळली आहे हे तळव्याला समजायचं. आता तळवा गप्प होता. मातीत गाढवाची लीद किती घालावी तेही आठवेना. तिने अंदाजाने घातली. मडकी उन्हात भराभर वाळवली, लगबगीने भट्टी रचली.

भट्टी पेटली आणि थोड्या वेळाने आतून आवाज येऊ लागले. फट्. फट्. जणू आत कुणी शेंगा फोडत आहे. आबांची शीळ थांबली. सकाळी भट्टी उघडली तेव्हा एकही मडकं धड नव्हतं. "आखाजीचीच भट्टी फुटली, आता दुकान बंद," म्हणत आत्याने सारजाचे कपडे एका फडक्यात बांधायला घेतले.

सारजा रानाकडे पळाली. पळसाखाली खापरं नव्हती. आजच्या आधी कधी काही फुटलंच नव्हतं, तर खापरं कुठून असणार? जमीन भेगाळली होती. पळसाची फुलं गळून तपकिरी झाली होती, आणि त्या पाचोळ्यात बुलबुलाचं एक पिल्लू पडलं होतं, चोच उघडी ठेवून. सारजाने झऱ्यावरून पदर भिजवून आणला, त्याच्या चोचीत थेंब पिळला. पिल्लाने तो गिळला नाही. मग तिने ते मातीत ठेवलं आणि वर गळालेली फुलं ठेवली.

परी शेजारी येऊन बसली होती. तिच्या ठिणग्याही मंद झाल्या होत्या.

"ही भट्टीही पुसू का?" तिने हळूच विचारलं. "पुन्हा सगळं गोड होईल. मग पुढची फुटली की तीही पुसू."

सारजाला एकदम हो म्हणावंसं वाटलं. ओट्यावरची शीळ आठवली, भरलेलं ताट आठवलं. पण हातांना अजून पिल्लाची ऊब लागून होती.

"नको," ती म्हणाली. "माझी खापरं मला परत दे."

"घागरी जातील. गाव पुन्हा हसेल. आबा पुन्हा गप्प होतील."

"होऊ देत. पक्ष्यांना पाणी कशात ठेवू मग?"

परीने तिच्या मातकट बोटांवर आपला चिमुकला हात ठेवला. "ही शेवटची भट्टी मात्र तुझ्याकडेच राहील," ती म्हणाली. "ती माझ्या फुंकरीने फुटली नाही, तुझ्या हाताने फुटली, तिच्यातलं शहाणपणही तुझंच." मग तिने फुंकर घातली, आणि पळसाखाली खापरं पुन्हा मांडली गेली, आटल्या तळाची, वाकड्या काठांची.

सारजाने आधी ती भरली. मग घरी जाऊन खापरांच्या राशीपुढे बसली. आता तिला ती वाचता येत होती. हा तुकडा खड्याने फुटला. हा ओला होता. हा उन्हात घाईने वाळवला, सावलीत वाळवायला हवा होता. आणि काही तुकडे काजळीने काळेकुट्ट झाले होते, भट्टी रचल्यावर वरून झाकायला घालतात ते. तेच तेच तुकडे दर भट्टीत आगीत जात होते. नवी कोरी मडकी तडकत होती, पण या काळ्या तुकड्यांतला एकही पुन्हा तडकला नव्हता.

तिने ते उखळात घातले आणि कुटायला लागली. कुटून, चाळून, तांबडी भुकटी झाली ती मातीत मिसळणार, एवढ्यात आत्या धावत आली.

"अगं, आखाजीच्या घागरीत फुटकं खापर? आपल्या माणसांच्या नावाचं पाणी असतं तिच्यात. अपशकुन करतेस का?"

"आत्या, नवी माती आगीला घाबरते," सारजा म्हणाली. "ही एकदा जाऊन आली आहे. ती तिला धीर देईल."

आत्याने आबांकडे पाहिलं. आबा ओट्यावरून उठले. त्यांनी भुकटी चिमटीत घेऊन चोळली आणि नाकाशी नेली. मग त्यांनी सारजाच्या हातातून मुसळ घेतलं.

"तुझी आई रोज दुपारी इथे काय कुटते म्हणून मी कधी विचारलंच नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, मिरच्या."

आई गेल्यापासून ते एवढं बोलले नव्हते. बोलले आणि कुटत राहिले, आणि कुटताना त्यांचे डोळे गळत होते. त्या दिवशी उखळात मिरच्या नव्हत्या.

माती मळली गेली. सारजाची बोटं खड्यापाशी थबकली, तळव्याला ओल समजली. घागरी सावलीत वाळल्या, सावकाश, आत्या चुळबुळत असताना. भट्टी पेटली तेव्हा तिघं तिच्याकडे पाठ करून बसली, कान मात्र तिकडेच. भट्टी गप्प होती.

आखाजीच्या आदल्या सकाळी राख बाजूला झाली. पहिली घागर तडकलेली निघाली. दुसरी निघाली, आबांनी तिच्यावर बोटाने टिचकी मारली आणि ती देवळातल्या घंटेसारखी वाजली. तिसरी वाजली. चौथीचा काठ वाकडा होता, पण तीही वाजली. अधूनमधून एखादी फुटकी निघतच होती, ती सारजा हळूच बाजूला ठेवत होती. बाकी अंगणभर तांबड्या, केशरी, मधाच्या रंगाच्या घागरी उन्हात झळाळू लागल्या. गावातली माणसं आली. म्हातारीने सवयीने घागर उन्हाकडे धरली, भोकं शोधली, आणि सापडली नाहीत म्हणून थोडी हिरमुसली.

आत्याने फडक्याची गाठ सोडली. त्यातले सारजाचे कपडे काढून ठेवले आणि त्याच फडक्यात एक घागर बांधून घेतली. "पोरगी राहू दे तुझ्याकडे," ती आबांना म्हणाली. "सुनेला घागर पाहिजेच होती."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर आईच्या नावाची घागर मांडली. आबांनी ती काठोकाठ भरली. एक थेंबही पाझरला नाही. आबा आत गेले, सारजा एकटी तिच्यासमोर बसून राहिली. घागर मिळाली होती, आई मिळाली नव्हती, आणि सणाच्या दिवशी ते जास्तच कळत होतं.

तेव्हा घागरीच्या काठावर एक ठिणगी उतरली.

"मी काहीच केलं नाही, बरं का," परी म्हणाली. "रानात पाणी ठेवणाऱ्या हातांना मी नुसतं बघत होते. आता एक माग, आणि याला नेम नाही."

सारजाने विचार केला. मग म्हणाली, "झरा आटू देऊ नकोस. मी आता कामात असते, कधी पाणी ठेवायला उशीर होतो."

परी हसली. तिचे पंख निळे झाले, सोनेरी झाले, मग रंगच उरला नाही, नुसता उजेड उरला. तो उजेड ओट्यावरून उतरला, अंगणातून, पळसाच्या निष्पर्ण फांद्यांमधून गेला, आणि जिथून गेला तिथून पाण्याची बारीक झुळझुळ ऐकू येऊ लागली. झुळझुळ राहिली, उजेड गेला.

सारजा उठली, बाजूला ठेवलेल्या फुटक्या घागरी उखळापाशी नेऊन ठेवल्या, आणि पुढच्या भट्टीची माती भिजत घातली.

ज्याने ही गोष्ट ऐकली त्याची घागर भरलेली राहो. आणि फुटलीच कधी, तर बाळांनो, तुकडे फेकून देऊ नका.