काडेपेटी आणि बंद खिडकी

"ताईला घेरी कशाने यायची?" शिरप्या कारखान्यात ज्याला त्याला विचारायचा. त्याची ताई वारली, तरी ती बाटल्यांत नेलपॉलिश भरायची त्या खोलीची खिडकी बंदच राहिली. मालक भाऊशेठ म्हणायचे, "धूळ येते. आणि हवेत वासाशिवाय आहे काय?"

खंडेनवमीला तिथेच यंत्रांची पूजा मांडली. शिरप्याने निरांजन ठेवून काडेपेटी काढली, तसा शेठनी त्याचा हात धरला. "अरे मूर्खा, हवेत थिनर आहे. भडका उडेल."

"देवाच्या वातीला जी हवा चालत नाही," शिरप्या म्हणाला, "ती बायांनी दिवसभर छातीत भरायची होय, शेठ?"

त्याने काडेपेटी उघडून दाखवली. रिकामी होती. पूजेला जमलेल्या कामगार बाया खदखदून हसल्या. शेठनी खिडकी उघडली आणि शिरप्याला कामावरून काढलं.

जाताना त्याने खिडकीची दारंच बिजागऱ्यांतून काढली आणि खांद्यावर टाकून घरी नेली.