वेगळ्या पिंजऱ्याचा वसा

ऐका शुकाई माउली, तुमची कहाणी.

नगर होतं आटपाट, भोवती आंब्यांची राई दाट. त्या नगरात बहिरू नावाचा साळी राहात होता. त्याची बायको भिवरा. दोन लेकी होत्या, त्या नांदायला गेल्या. मग घरात माग तेवढा बोले, माणूस कोणी बोलेना. मग भिवरेनं पोपट पाळला. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले. थोरला पवळ्या, मधला हरबा, त्याच्या पाठची तुरी, धाकटी शेवंती. पवळ्या भिवरेच्या खांद्यावर बसे, तिच्या ताटातला भात खाई. भिवरेला वाटे, आपलं घर पुन्हा भरलं.

एके दिवशी काय झालं, बाजारात फिरता पोपटवाला आला. त्याच्या टोपलीत एक देखणा पोपट होता. गळ्याभोवती गुलाबी कंठ, पाठ अशी हिरवी की भाताचं रोप. भिवरेनं तो घरी आणला. त्याचं नाव कंठ्या ठेवलं.

बहिरू म्हणाला, "भिवरे, परकं पाखरू आहे. कुठून आलं, कुणाशेजारी बसलं, आपल्याला ठाऊक नाही. महिना-दीड महिना परसात वेगळं टांग. मग आपल्यांत मिसळ."

भिवरा म्हणाली, "अहो, रंग बघा, डोळे बघा. याला कसला रोग? एकटा ठेवला तर झुरून मरेल." असं म्हणाली आणि त्याच सांजेला कंठ्या मोठ्या पिंजऱ्यात सोडला. पाचही पोपट एका दांडीवर बसले. एका वाटीत खाल्लं, एका वाटीत प्यालं. भिवरेनं डोळे भरून पाहिलं.

पहिला आठवडा बरा गेला. दुसरा आठवडा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात शेवंतीची पिसं गळाली. भिवरा म्हणाली, जुनी पिसं टाकते आहे, नवी येतील. नवी आली, ती वाकडी आली. देठाशी रक्त साकळलेलं. मग शेवंतीनं दाणा टाकला, मग पाणी टाकलं. एके सकाळी भिवरा बघते तर शेवंती पिंजऱ्याच्या तळाशी पाय वर करून पडली आहे. तिला परसात पुरली. दहाव्या दिवशी तिच्याशेजारी तुरी पुरली. मग पवळ्याचं डोकं उघडं पडलं. चोच वेडीवाकडी वाढली, तिला चीर गेली. तो खांद्यावर येईना, हाक मारली तर मान वळवीना. कंठ्या मात्र होता तसा देखणा होता. हरब्याची पिसं शाबूत होती.

शेजारी म्हाळसा कासारीण राहात होती. तिच्या अंगणात पोपटांची जोडी होती. ती कुंपणाशी आली आणि म्हणाली, "भिवराबाई, तुझ्या पाखरांच्या पिसांचा भुगा वाऱ्यानं माझ्या अंगणात येतो. माझी जोडी गेली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? तो आजारी पोपट रानात सोडून ये. रान त्याचं आहे, रान त्याला बघेल."

भिवरेला ते पटलं. तिनं पवळ्याला करंडीत घातलं, वर फडकं बांधलं आणि सकाळी रानाची वाट धरली. एक कोस गेली, दोन कोस गेली, तिसऱ्या कोसाला वडाचं मोठं झाड लागलं. झाडावर पोपटांचा थवा बसला होता. भिवरेनं करंडी खाली ठेवली, फडक्याची गाठ सोडली. पवळ्यानं बारीक आवाज काढला. तसे वरचे दोन पोपट खालच्या फांदीवर आले, माना वाकड्या करून बघू लागले. आणखी दोन आले. आणखी चार आले.

तोच कोणी तिचं मनगट धरलं. बघते तर एक म्हातारी. हिरवं लुगडं, हातात ओला खराटा. म्हातारी म्हणाली, "लेकी, काय करतेस?"

"आजारी पाखरू सोडते आहे, आई. रानात बरं होईल."

"वर बघ. किती ढोल्या दिसतात?"

भिवरेनं मोजल्या. अकरा मोजल्या आणि मग मोजवेना.

म्हातारी म्हणाली, "एकेका ढोलीत पिल्लं आहेत. त्यांच्या डोळ्यांवरची कातडी अजून उघडली नाही. हे पाखरू यांच्यात बसलं, तर पावसाळ्याआधी ढोल्या ओस पडतील. तुझं घर रडलं, म्हणून तू रान रडवतेस?"

भिवरेनं करंडी जवळ ओढली. तिनं फडकं पुन्हा बांधलं. मग बसली आणि पोटभर रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "चूक माझी आहे, आई. घरधन्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आता मला औषध सांग."

"याला औषध नाही. वसा आहे."

"तो मला दे."

"देईन. पण तू उतशील, कंटाळशील, चार दिवसांनी अर्ध्यावर टाकशील."

"उतणार नाही, कंटाळणार नाही, अर्ध्यावर टाकणार नाही."

तेव्हा म्हातारीनं वसा सांगितला. "घरी जा. तीन पिंजरे कर, तीन जागा कर. निरोगी पाखरू पुढच्या ओसरीवर, शंकेचं पाखरू परसात, आजारी पाखरू उबेच्या खोलीत. सकाळी उठावं, आधी निरोग्याला दाणा घालावा, मग शंकेच्याला, शेवटी आजाऱ्याला. उलट्या पावली जाऊ नये. आजाऱ्याकडून निघालं की हात धुवावेत, पाय धुवावेत, लुगडं उकळत्या पाण्यात टाकावं. एकाची वाटी दुसऱ्याला देऊ नये. जुनी लाकडी दांडी जाळावी, पिंजरा राखेनं घासावा, कढत पाण्यानं धुवावा, उन्हात ठेवावा. केर ओला करून काढावा, भुगा उडू देऊ नये. आजाऱ्याला ऊब द्यावी, गुरगुट्या भात द्यावा, पेरूचा गर द्यावा. परकं पाखरू पारखल्यावाचून आपल्यांत मिसळू नये. आणि घरी आजार आहे हे कुणापासून लपवू नये. तीन पौर्णिमा असं करावं."

भिवरेनं वाकून नमस्कार केला. मान वर करते तर म्हातारी नाही.

भिवरा घरी आली. बहिरू माग सोडून दारात उभा होता. करंडी बघितली आणि म्हणाला, "परत आणलास?"

"परत आणला. तुमचं ऐकलं असतं तर दोघी वाचल्या असत्या. आता मला शिव्या द्या."

बहिरू म्हणाला, "शिव्यांनी पाखरू जगतं का? चुलीवर पाणी चढव. मी दांड्या जाळतो."

मग त्यानं बुरुडाकडून दोन पिंजरे आणले. भिवरेनं जुना पिंजरा घासला. हरबा ओसरीवर ठेवला, कंठ्या शंकेचा म्हणून परसात, पवळ्या उबेच्या खोलीत. मग ती कुंपणापाशी गेली आणि लांबूनच म्हणाली, "म्हाळसाबाई, माझ्या घरी साथीचा आजार आहे. पाखरू रानात सोडलं नाही, सोडणारही नाही. तीन पौर्णिमा मी तुमच्या अंगणात येत नाही, तुम्ही माझ्या येऊ नका. वाऱ्याच्या बाजूला मी ओलं गोणपाट बांधलं आहे." म्हाळसेनं तोंड फिरवलं. पण रागानं का होईना, तिनंही आपला पिंजरा घरामागं नेला.

भिवरा वसा चालवू लागली. पवळ्या चोचीनं उचलीना, तर ती बोटानं भात भरवी. एके दिवशी ती आजाऱ्याच्या खोलीतून निघाली. कंबर मोडली होती, डोळे मिटत होते. तोच ओसरीवरून हरब्यानं ओरडून हाक मारली. त्याची वाटी उलटली होती. भिवरेचं एक पाऊल उंबऱ्यावर पडलं. दुसरं उचललं. मग तिनं जीभ चावली, पाऊल मागं घेतलं, न्हाणीत गेली. हात धुतले, पाय धुतले, लुगडं बदललं आणि मग हरब्याला दाणा दिला. पहिली पौर्णिमा गेली. हरब्याचं एक पीस गळालं नाही.

इकडे काय झालं, त्याच पोपटवाल्यानं राजवाड्यातही पोपट दिले होते. राणीच्या पोपटशाळेत शंभर पोपट होते. ते दहा-दहांनी मरू लागले. नगरात घरोघर तेच. राजा घाबरला. त्यानं दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका! तिसऱ्या दिवशी नगरातला हरएक पोपट, बरा असो की आजारी, वेशीवर आणावा. सगळे मारले जातील!"

नगरात रडारड झाली. म्हाळसा कुंपणाशी धावत आली आणि म्हणाली, "भिवराबाई, माझी जोडी धडधाकट आहे. तीही मारणार? तुझ्या हरब्यालाही मारणार? तू काहीतरी कर गं बाई!"

भिवरेनं अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि राजवाड्याशी गेली. पायरीखालीच उभी राहिली. शिपाई म्हणाला, "आत ये." भिवरा म्हणाली, "आत येत नाही. माझ्या घरी आजार आहे, तुमच्या घरी नेऊन सोडणार नाही."

राजा सज्जात आला. म्हणाला, "बाई, आत येत नाहीस, मग आलीस कशाला?"

"महाराज, ज्या घरात दोन पाखरं मेली त्याच घरात तिसरं मरणाच्या दारात आहे, आणि चौथ्याचं एक पीस गळालं नाही. ते कसं, हे सांगायला आले. पाखरं मारून आजार मरत नाही. उद्या नवा पोपटवाला येईल, तो पुन्हा आणील. मला तिसऱ्या पौर्णिमेपर्यंत मुदत द्या. तोवर एक निरोगी पाखरू जरी आजारी पडलं तर माझा हरबा पहिला वेशीवर आणीन."

राणी पडद्याआडून ऐकत होती. ती म्हणाली, "महाराज, मुदत द्या." राजानं दिली.

भिवरेनं पायरीखालून राणीला वसा सांगितला. राणीनं तो दासीला सांगितला. दासीला आजाऱ्यांची खोली जवळ पडे, म्हणून तिनं आधी तिथं दाणा घातला, मग निरोग्यांकडे गेली. आठवडे सरले आणि निरोग्यांतले तीन आजारी पडले. भिवरेला विचारलं, ती म्हणाली, "उलटं पाऊल पडलं." मग राणीनं सुनेला सांगितलं. सुनेनं पाऊल सांभाळलं, पण अंगावरचा भरजरी शेला धुणार कोण? पिसांचा भुगा जरीत अडकला, निरोग्यांच्या खोलीत झडला. आणखी दोघांची पिसं गळाली. राजा म्हणाला, "मुदत मोडली. वेशीवर नेतो."

तेव्हा राणी उठली. म्हणाली, "थांबा. वसा माझा, पाखरं माझी, हात दुसऱ्यांचे. दोष वशाचा नाही, भिवरेचाही नाही. आता तिसऱ्या खेपेला मी करते." राजा थांबला. तिनं दागिने उतरवले, जाडंभरडं लुगडं नेसली, आधी निरोग्यांकडे गेली, मग शंकेच्यांकडे, शेवटी आजाऱ्यांकडे. परत येऊन स्वतःच्या हातानं लुगडं उकळलं. हात भाजले, तरी टाकलं नाही. राणी करते म्हटल्यावर नगरातल्या बायका करू लागल्या. घरोघर तीन पिंजरे झाले, घरोघर पाण्याची पातेली चढली.

तिसरी पौर्णिमा आली. राजा पोपटशाळेत गेला. दारात पाय धुतले, मग मोजलं. राणीनं वसा हाती घेतल्यापासून एकही नवं पाखरू आजारी पडलं नव्हतं. बेचाळीस पोपट ताठ बसले होते. नगरात विचारलं, घरोघर तेच उत्तर आलं. म्हाळसेच्या जोडीला तर चिमणं पिल्लू झालं होतं.

आणि भिवरेच्या घरी? त्या सकाळी ती उबेच्या खोलीत गेली. पवळ्या दांडीवर चढून बसला होता. छातीवर हिरवी पिसं फुटली होती, सरळ आणि निरोगी. डोकं उघडं राहिलं ते राहिलं. त्यानं तिच्या हातातून पेरूची फोड ओढून घेतली आणि आपल्या चोचीनं खाल्ली. भिवरा दाराकडे वळली. "अहो!" एवढीच हाक तिनं मारली. बहिरू धावत आला आणि दारात थबकला. त्यानं आधी पाय धुतले, मग आत शिरला.

आजार अंगावरून उतरला, पण आतून गेला की नाही कोण जाणे. म्हणून भिवरेनं पवळ्याला हरब्याजवळ नेलं नाही. कंठ्याच्या जोडीला दिलं. आजार आला तो कंठ्याबरोबर, त्याच्या अंगावर दिसला नाही एवढंच; पण त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? एकट्या दोघांना सोबत झाली.

राजा-राणी वाजतगाजत भिवरेच्या दारी आले. वाजंत्री गल्लीत थांबवली, राणीनं उंबऱ्यावर हात-पाय धुतले. राजा म्हणाला, "बाई, माग. सोनं माग, गाव माग."

भिवरा म्हणाली, "सोनं नको, गाव नको. वेशीबाहेर एक घर बांधा. नगरात जे नवं पाखरू येईल, ते तिथं दीड महिना राहील, मगच आत येईल. आणि आजारी पाखरू रानात सोडायला मनाई करा."

राजानं मान डोलवली. घर बांधलं. पहिला दगड राणीनं ठेवला, दुसरा म्हाळसेनं ठेवला, तिसरा भिवरेनं ठेवला. पुढल्या साली वडाच्या रानात ढोलीढोलीतून पिल्लं उडाली, आणि आकाश हिरवं झालं.

जशी शुकाई म्हातारीच्या रूपात भिवरेला पावली, राणीला पावली, नगराला पावली, तशी ऐकणाऱ्या-सांगणाऱ्या तुम्हां-आम्हांला पावो. कुणाचा पिंजरा ओस न पडो, कुणाचं रान मुकं न होवो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरांत सांगितली, ती सुफळ झाली, संपूर्ण झाली.